‘सचिव असावी तर अशी’ हे मला पटलेलं नाही

तळटीप:
परवा ‘रानवाटा’ यांनी घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या खाजगी सचिव एरिका पॉवेल यांच्यावर लिहिलं. लेखाचा बराचसा भाग आवडला. १९५२ साली गोल्ड कोस्टच्या (म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच्या घानाच्या) ब्रिटिश गव्हर्नरकडे नोकरीला आलेली बाई १९५५ मध्ये थेट एन्क्रुमांकडे जाते, तिच्याबद्दल नको त्या वावड्या उठतात, तरी १९६६ च्या सत्तापालटापर्यंत ती टेबल सोडत नाही. इथवर ठीक. पण ‘सगळं काही त्यांच्या टेबलावरून जायचं आणि एक शब्द बाहेर फुटला नाही. निष्ठा म्हणजे तोंडाला कुलूप, सचिव असावी तर अशी’ हा शेवट डोक्यात गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या टेबलावरून काय काय गेलं असेल? १९५८ चा स्थानबद्धता कायदा, म्हणजे खटल्याशिवाय पाच वर्षं आत. डिसेंबर १९६३ मध्ये एन्क्रुमांवर कुलुंगुगूला झालेल्या बॉम्बहल्ल्यातले तीन आरोपी न्यायालयानं सोडले, तर सरन्यायाधीश कोर्सांनाच घरी बसवलं. त्या तिघांतले अको अजेई म्हणजे १९४७ साली ‘एन्क्रुमांना लंडनहून बोलवा’ असं सुचवणारे. आणि दानक्वा! ज्यांच्या पक्षानं एन्क्रुमांना मायदेशी आणलं ते दानक्वा न्सावामच्या तुरुंगात फेब्रुवारी १९६५ मध्ये वारले. त्याआधी, १९६४ मध्ये, त्यांनी तुरुंगातून एन्क्रुमांना लांबलचक पत्र लिहून कोठडीतले हाल कळवले होते. ते पत्र पॉवेलबाईंच्या हातून गेलं असेल तर त्या मौनाचं कौतुक कशासाठी? गेलं नसेल तर ‘सगळं काही टेबलावरून जायचं’ हे खोटं. यातलं एक काहीतरी धरा.

रानवाटा:
‘सगळं’ या शब्दावर अडायचं असेल तर ‘बरंचसं’ वाचा. पण तुम्ही दिलेली सनावळी एन्क्रुमांची आहे, पॉवेलबाईंची नाही. कायदा संसदेनं केला. एन्क्रुमांच्या कार्यालयात, फ्लॅगस्टाफ हाउसमध्ये, सनदी अधिकाऱ्यांचं वेगळं सचिवालय होतं. खाजगी सचिव म्हणजे डिक्टेशन, पत्रं, भेटीच्या वेळा. १९५७ च्या आत्मचरित्राचा बहुतेक भाग पॉवेलबाईंना सांगून उतरवून घेतला, असं खुद्द एन्क्रुमांनी त्यात नोंदवलंय. लिहून घेणाऱ्या माणसाला धन्याच्या पापाचा वाटा देणार असाल तर उद्या टाइपरायटरलाही फाशी द्या.

माधवी_क:
रानवाटांशी सहमत. माझी मावशी मंत्रालयात एका मंत्र्यांची स्टेनो होती. संध्याकाळी निघताना वापरलेला कार्बन पेपर उजेडासमोर धरून बघायची. अक्षरं लागत असतील तर स्वतः फाडायची, शिपायाच्या हाती द्यायची नाही. घरी जेवताना साहेबांचं नाव निघालं की भाजी वाढायला उठायची. आम्ही पोरं चिडायचो. पण तिच्या खोलीत बोललेलं बाहेर जाणार नाही, एवढ्या भरवशावर लोक मोकळेपणी बोलायचे. हा भरवसा म्हणजे गुलामी नाही. ज्यांनी ही नोकरी जवळून पाहिली नाही त्यांनी मौनाला नावं ठेवू नयेत.

तळटीप:
मावशींबद्दल आदर आहे. पण मावशींच्या साहेबांनी कुणाला खटल्याशिवाय कोंडलं नव्हतं. तो प्रसंग आला असता तर त्या काय करत्या, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही.

माधवी_क:
मावशीला यात ओढायचं कारण नव्हतं.

तळटीप:
तुम्हीच आणलंत तिला.

जुना_वाचक:
मौन आणि होयबागिरी यांची गल्लत होतेय. जोन विकेन बघा की. १९६० पासून टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्येरेरे यांच्या स्वीय सहायक. त्याही इंग्रज, मजूर पक्षातून आलेल्या. भाषणांचे मसुदे करायच्या, १९६७ च्या अरुषा जाहीरनाम्याच्या, म्हणजे न्येरेरेंच्या समाजवादी धोरणाच्या, मसुद्यातही त्यांचा हात होता. न्येरेरेंनी १९८५ मध्ये अध्यक्षपद सोडलं तरी त्या साथीला राहिल्या. खुर्चीपेक्षा विचाराला बांधलेली ही निष्ठा मला मोठी वाटते.

दर्यावर्दी:
पुन्हा एक इंग्रज बाई! दार-एस-सलामच्या कचेऱ्या चालवल्या कोणी? गोंयकार कारकुनांनी. माझे मामा बार्देशचे, तिथे हेडक्लार्क. ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला, १९ ला गोवा मुक्त झाला. दहा दिवसांत मामांचा साहेबही बदलला आणि पासपोर्टावरचा देशही. सगळ्या फायली त्यांना तोंडपाठ. पुढे ‘नागरिक नाही’ म्हणून नोकरी गेली, एक ट्रंक घेऊन म्हापशाला आले. त्यांच्यावर कोण लेख लिहितो? विकेनबाई आणि पॉवेलबाईंना मात्र निष्ठेची पदकं.

जुना_वाचक:
मामांचं वाईट वाटतं. पण हेही लक्षात घ्या की जानेवारी १९६४ मध्ये न्येरेरेंनीच परिपत्रक काढून सरकारी नोकरीत नागरिकांमध्ये वर्णभेद नको असं बजावलं. त्यावरून कामगार संघटना खवळल्या आणि त्याच महिन्यात लष्करानं बंड केलं. किंमत मोजून घेतलेला निर्णय होता तो.

दर्यावर्दी:
नागरिकांमध्ये! तोच तर मुद्दा आहे. नागरिकत्व घ्यावं की नाही, हे ठरवायला माणसाला किती मुदत होती? आपण नेमके कुठल्या देशाचे हेच मामांना धड उमगलं नव्हतं. कागदावर उदार असलेलं धोरण खिडकीपलीकडच्या माणसाला कसं दिसतं, हे परिपत्रकात नसतं.

जुना_वाचक:
मान्य. तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण नव्या देशात वर्षानुवर्षं कारकुनीही आफ्रिकनांना मिळत नसेल तर त्यांनी गप्प बसावं, असं म्हणता येणार नाही.

दर्यावर्दी:
तसं मी कुठे म्हटलं? मामा कधीच तसं म्हणाले नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला टांगानिकाचा मुलगा पुढे त्यांच्याच खुर्चीवर बसला, याचा त्यांना अभिमान होता.

तळटीप:
धागा दार-एस-सलामला पोचला, तर तिथलंच बोलतो. न्येरेरेंनीही १९६२ मध्ये स्थानबद्धता कायदा केला, १९७३ नंतर लोकांना सक्तीनं नव्या गावांत हलवलं. मग विकेनबाई विचाराशी निष्ठावान होत्या म्हणून त्यांना माझा प्रश्न लागू नाही, असं कसं? माझं म्हणणं एवढंच आहे की सत्तेच्या खोलीत बसलेल्या माणसाचं चरित्र लिहिताना खोलीबाहेर कोण कोंडलं गेलं तेही लिहा. फाशी कुणालाच मागितलेली नाही.

आणि रानवाटा, तुमचं ‘कुलूप’ मुळातच टिकत नाही. एन्क्रुमा १९७२ मध्ये गेले, पॉवेलबाईंनी १९८४ मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं. बोलल्याच ना त्या?

रानवाटा:
नोकरीत असताना बोलल्या नाहीत, धनी गेल्यावर बारा वर्षांनी बोलल्या. मला तरी हाच क्रम योग्य वाटतो. तरीही ‘कुलूप’ खोडतो, आणि दानक्वांचा परिच्छेद घालतो. ‘निष्ठा’ मात्र ठेवणार, त्यावर कितीही भांडा.

माधवी_क:
परिच्छेद घालाच. मावशीलाही हेच पटलं असतं, हे चिडूनच लिहितेय.

दर्यावर्दी:
कारकुनांचा वेगळा धागा काढतोय. दार-एस-सलाम, नैरोबी, कंपाला इथल्या कचेऱ्यांत कुणाचे आजोबा, मामा असतील, घरात जुनी नेमणूकपत्रं किंवा फोटो असतील, तर तिथे टाका. जुना_वाचक, तुम्हीही या. ते १९६४ चं परिपत्रक घेऊनच या.