किचन विच म्हणजे काय? आमच्या आजेसासूबाई खरंच तशा होत्या का?

डोंबिवलीची_आई
लेकीला ताप होता म्हणून परवा रात्री तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. ती पडल्या पडल्या हसायला लागली. म्हणे, "आई, तू तर किचन विच!" मग मोबाइलवर कुठल्याशा परदेशी बाई दाखवल्या. ओट्यावर मेणबत्ती, रोझमेरीची जुडी, सूप उजवीकडून ढवळलं की हवं ते येतं, डावीकडून ढवळलं की नको ते जातं. इथवर ठीक. पण तिने कौतुकाने स्टेटस ठेवलं, "माझी पणजी मालवणची किचन विच होती." अर्ध्या तासात आचऱ्याहून मोठ्या जाऊबाईंचा फोन. घराण्याला चेटकीण लावता म्हणून दोन दिवस बोलत नाहीयेत. हे असतं तरी काय? आणि आपण करतो ते तेच का?

कट्ट्यावरचा
ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला. त्यानंतर जेराल्ड गार्डनर वगैरे मंडळींनी 'विक्का' नावाचा पंथ उघडपणे मांडला. किचन विच हा त्याच्याच शेजारचा घरगुती प्रकार. विक्का न मानणारेही करतात. दीक्षा नाही, गुरू नाही. चूल हीच वेदी आणि पळी, झाडू, मीठ, वाळवलेला पाला ही हत्यारं. रांधताना मनात काय धरलं याला महत्त्व. शिवाय युरोपात त्याच नावाची एक बाहुलीही असते, झाडूवर बसलेली म्हातारी. दूध उतू जाऊ नये, पदार्थ करपू नये म्हणून ती स्वयंपाकघरात टांगतात.

सुरंगी
मी वेंगुर्ल्याची, वय 58. भात अजून चुलीवर. गॅस आहे, चहापुरता.

तुमच्या जाऊबाईंना हसू नका. तिकडच्या बायकांनी तो शब्द हौसेने अंगावर घेतलाय, इकडे तो दुसऱ्याच्या अंगावर फेकतात. मी लहान असताना वाडीत एकाची म्हैस आटली. बोट गेलं शेजारच्या विधवेकडे. ती ताक मागायला आली की लोक दार लोटून घ्यायचे. तिच्या हातची सोलकढी कोणी प्यायचं नाही. लग्नकार्यात मागच्या दारी भांडी घासायला मात्र ती चालायची. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमकी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं कठीण करणं हा गुन्हा ठरवलाय. ते वाचलं तेव्हा तीच डोळ्यांसमोर आली. तोवर ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता चुलीकडचं सांगते. नागपंचमीला आई विळी उचलून ठेवायची. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. मग उरलं काय? उकड. म्हणून पातोळ्या. हळदीची पानं आदल्या संध्याकाळीच परसातून काढून ठेवायची. तांदळाचं पीठ पानावर बोटांनी इतकं पातळ थापायचं की खालची शीर बोटाला कळली पाहिजे. मध्ये गूळ-खोबऱ्याचं चून, आणि शिरेवर पान दुमडून वाफेला. पहिली देवाला, दुसरी चुलीला. झाकण काढल्यावर वास माजघरापर्यंत जायचा आणि आई हात जोडायची. कोणाला जोडलेस विचारलं तर म्हणाली, "मागे हो, वाफ लागेल."

ती बाहुली दूध सांभाळते म्हणता? आमच्याकडे रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यातलं दूध मुद्दाम उतू घालवतात आणि कुठल्या दिशेला गेलं ते बघतात. आमचं दर वर्षी पूर्वेलाच जायचं. बोळक्याच्या मागच्या बाजूला आई एक खापरी सरकवून ठेवायची, हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं.

आणि नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला. मीठ हातावर द्यायचं नाही. वाटी खाली ठेवायची, शेजारणीने उचलायची. याला जादू म्हणा की वळण, आईला दोन्ही शब्दांचं काही पडलं नसतं. विच म्हणाला असतात तर मात्र तिने पळी फेकून मारली असती.

आंबोळी
तुमी कायव म्हणा, मिरची जळली आणि ठसको नाय लागलो तर दिष्ट होती म्हणान समजाचा. आमच्या झिलाच्या बारश्याक सात मिरच्यो जाळल्यो, कोणाक साधी शिंक नाय.

सुका_जवळा
मी करून बघितलंय. फुललेल्या निखाऱ्यात मिरची टाकली तर चटकन काळी होते, धूर वर निघून जातो. तीच मंद तव्यावर ठेवा, शेजारचं घरसुद्धा खोकेल. तापलेल्या मुलावर तर अजिबात प्रयोग नको, आधी डॉक्टर.

आणि सगळंच गोड करून सांगू नका. नववीत असताना पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावला म्हणून मला तीन दिवस मागच्या पडवीत बसवलं होतं. लोणचं त्या वर्षी बुरसलंच. ओला डाव बरणीत काकांनी घातला होता, मी पडवीतून बघत होते.

सुरंगी
खरं आहे. ते मी सोयीने गाळलं. आमच्याकडे चार दिवस असायचे.

डोंबिवलीची_आई
ताप उतरला. डॉक्टरच्या गोळीने, मिरच्यांनी घरभर खोकला तेवढा झाला. लेकीने स्टेटस काढलं आणि स्वतःहून आचऱ्याला फोन लावला, पणजी दृष्ट काढताना काय पुटपुटायची ते विचारायला. जाऊबाई पाऊण तास बोलत होत्या. ठेवताना म्हणाल्या, "ह्या मोबायलवर घालू नको हां."

सुरंगीताई, हळदीची पानं इकडे मिळतील का?

सुरंगी
श्रावणात भाजीवाल्या बाईला आदल्या दिवशी सांगून ठेवा. फार कोवळी घेऊ नका, दुमडताना फाटतात.