चार वर्षांच्या मुलाचा चड्डीत हात: साधं की काळजीचं?

सेविका_उत्तर_नागपूर
मुलगा ४ वर्षांचा. अंगणवाडीत झोप आली की चड्डीत हात घालतो. आई मारते. काल तो आणि त्याच्याच वयाचा एक मुलगा एकमेकांचं अंग बघून हसत होते. आईला काय सांगू? तक्रार कधी करावी लागते?

समुपदेशक_धंतोली
या वयात दोन्ही गोष्टी सर्रास दिसतात. मोठ्यांची कामभावना त्यात नसते. कुतूहल असतं, नाहीतर झोप येताना जीव रमवणं. बरोबरीचं वय, हसतखेळत चाललेलं, आणि "चला, मातीचे बैल करू" म्हटल्यावर सोडून दिलं, तर गवगवा नको. जबरदस्ती, धाक, "कोणाला सांगू नको", वयात तीन-चार वर्षांचं अंतर किंवा मोठ्यांसारखी नक्कल दिसली तर प्रकरण वेगळं.

आईला सांगा, मारून सवय सुटत नाही, लपवायची अक्कल तेवढी येते. उद्या कोणी त्रास दिला तर तेही लपवेल. साध्या आवाजात म्हणायचं, "चारचौघांत नाही, बेटा. चल, हात धुऊ."

बालरोग_ओपीडी
ताई, आधी खाज बघा! नागपूरच्या उन्हाळ्यात घामोळं, जांघेतला नायटा, काचणारं इलॅस्टिक, लघवीची जळजळ, काहीही असू शकतं. रात्री शौचाच्या जागी खाजवत असेल तर सूतकृमी, म्हणजे बारीक जंत. अल्बेंडाझोलच्या एका गोळीने भागत नाही, कारण अंडी नखांत आणि चादरीत उरतात. दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनाच औषध लागतं. प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा.

शिश्नाची कातडी या वयात मागे सरकत नसेल तर ओढू नका. चिरा पडतात, व्रण धरतो आणि ती खरोखरच आवळते. आया तेल लावून रोज ओढतात, ते थांबवा.

पोक्सो_मदत
संशय आला की पुरावा शोधत बसू नका. "काका होते का?" असं सुचवून विचारलं तर मूल हो म्हणून टाकतं, आणि पुढे कोर्टात तेच अंगाशी येतं. "मग काय झालं?" एवढंच विचारा, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहा. अत्याचार नुकताच घडला असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते.

सेविका_उत्तर_नागपूर
पर्यवेक्षिकेला सांगितलं की माझं काम झालं ना?

पोक्सो_मदत
नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ खाली माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवायचं असतं. न कळवल्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने दिलेली खबर खोटी ठरली तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. वर तुम्ही सांगितलेलं मात्र यात बसत नाही, त्यासाठी ठाण्यात जाऊ नका.