नागपुरात दीड लाखात मॉड्युलर किचन: शोरूम, कारखाना की ट्रॉलीवाला?

नवा_ओटा

बेसा भागात तयार फ्लॅट आहे. बिल्डरने कडप्प्याच्या उभ्या पार्टिशनवर ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा करून दिलाय. भिंतीच्या बाजूने मोजलं तर एक बाजू १० फूट, दुसरी ६ फूट. ६ फुटांच्या बाजूला खिडकी आणि तिच्याखाली सिंक. वरच्या आलमाऱ्या फक्त १० फुटांच्या बाजूला, चिमणीची २ फूट जागा सोडून ८ फूट. बजेट सगळं धरून दीड लाख.

तीन कोटेशन हातात आहेत.

पहिलं एका ब्रँडच्या शोरूमचं: २,१०,००० अधिक जीएसटी. मटेरियलच्या रकान्यात फक्त "इंजिनिअर्ड वूड" लिहिलंय.

दुसरं हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याचं: खालचं १६ रनिंग फूट (म्हणजे लांबीचे फूट), ६,५०० दराने, वरचं ८ रनिंग फूट, ३,५०० दराने. एकूण १,३२,०००. जीएसटीचा उल्लेख नाही.

तिसरं ट्रॉलीवाल्याचं: आहे त्या कडप्प्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि शटर, ७८,०००. यात वरच्या आलमाऱ्या नाहीत.

तुलना कशी करावी तेच कळत नाहीये. कोणाकडून करावं?

बिजागरी_३५

ताई, हे तीन आकडे तीन वेगळ्या वस्तूंचे आहेत, त्यामुळे आत्ता तुलना होणारच नाही. आधी दुसऱ्या कोटेशनचा हिशोब बघा.

एल आकारात कोपरा दोन्ही बाजूंच्या मापात येतो. १० आणि ६ मिळून १६ होतात खरे, पण कोपऱ्यातला २ फुटांचा चौकोन त्यात दोनदा धरला गेलाय. खरं माप १४ रनिंग फूट. म्हणजे खालचे ९१,००० आणि वरचे २८,०००, एकूण १,१९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १,४०,४२०. तोच हिशोब १६ फुटांनी केला तर १,५५,७६०. फरक १५,३४० रुपयांचा, आणि तोही नुसत्या फीतमापाचा. शोरूमचा आकडा जीएसटीसकट २,४७,८०० होतो, तो तुमच्या बजेटच्या फार बाहेर आहे.

रनिंग फुटाच्या दरात दुसरा घोळ असा की एका फुटात नेमकं काय येतं ते कोणी लिहीत नाही. तीन ड्रॉवरचं युनिट आणि आत एक फळी असलेलं शटरचं युनिट, दोन्हींचा दर सारखाच कसा असेल? म्हणून तिघांकडून युनिटवार यादी मागा: प्रत्येक डब्याची (आलमारीच्या खोक्याची) रुंदी-उंची-खोली मिलिमीटरमध्ये, आत काय, बिजागऱ्या किती, चॅनल (ट्रॉली सरकते त्या पट्ट्या) कोणते. जो ही यादी द्यायला टाळाटाळ करेल त्याला तिथेच बाजूला करा. दुकान निवडायची यापेक्षा चांगली चाळणी नाही.

पडताळायला एक ढोबळ माप देतो. तुमच्या ओट्याची समोरून दिसणारी लांबी (१० वजा २) अधिक (६ वजा २), म्हणजे १२ फूट. उंची अडीच फूट धरली तर खालचे दर्शनी क्षेत्र ३० चौरस फूट. वरचं ८ गुणिले २, म्हणजे १६. एकूण ४६ चौरस फूट शटर. ८ बाय ४ ची एक शीट ३२ चौरस फुटांची असते, म्हणजे घट धरून शटरला दोन शीट पुरतात. वरच्या आलमाऱ्यांच्या डब्यांना १८ मिमीच्या आणखी दोन, आणि पाठीला ८ मिमीची अर्धी. कोणी सात-आठ शीटचं बिल दाखवलं तर खालचे डबेही त्यात धरलेत का, ते विचारा.

लकडगंजचा_माल

"इंजिनिअर्ड वूड" हे मटेरियलचं नाव नव्हे. त्यात लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेले पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, एचडीएचएमआर (जास्त घट्ट, दमटपणा सोसणारा) सगळं बसतं, आणि पाण्यापुढे या तिघांचं वागणं अगदी निरनिराळं. नेमकं नाव, जाडी आणि आयएस (भारतीय मानक) क्रमांक लिहून मागा. प्लायमध्ये आयएस ३०३ च्या मालात एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन ग्रेड चालतात. नुसतं "३०३" लिहिलं असेल तर तो एमआर असू शकतो. ७१० म्हणजे मरीन. शीटवरच्या आयएसआय शिक्क्याजवळ सीएम/एल (लायसन्सचा) क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि चालू आहे का ते दिसतं.

नागपूरच्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडीठाक. पण घरात कूलर चालू असतो, त्याची ओली हवा स्वयंपाकघरापर्यंत येते. मग जुलै-ऑगस्टचा दमटपणा. लाकडी माल वर्षभर आकसतो-फुगतो. ज्या शटरला बाहेरून १ मिमीचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग किंवा पातळ कागद असतो, ते एका बाजूला ओढलं जातं आणि वाकतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवं, बाहेर १ मिमी आणि आत ०.८ मिमी चालेल. उंच शटरला हे जास्त लागू.

मेंब्रेनचं (बोर्डावर फॉइल चिकटवलेलं) शटर गुळगुळीत दिसतं, पण शेगडीच्या आजूबाजूला उष्णतेने त्याची फॉइल कडेने सुटते. या बजेटमध्ये मॅट लॅमिनेटच घ्या. ॲक्रिलिकचे पैसे हार्डवेअरमध्ये घातलेले बरे.

वरच्या आलमाऱ्यांना पाणी लागत नाही, तिथे बीडब्ल्यूआर प्लाय किंवा एचडीएचएमआर दोन्ही ठीक. पार्टिकल बोर्डाची अडचण पाण्याइतकीच स्क्रूचीही आहे. बिजागरीचा स्क्रू एकदा ढिला झाला की त्याच भोकात परत पकडत नाही, शटर लोंबकळतं. आणि कोणताही बोर्ड घ्या, एज बँडिंग चारही कडांना हवं. दिसणाऱ्या एकाच कडेला पट्टी लावून बाकीच्या तीन उघड्या ठेवणं ही स्वस्त कामाची पहिली खूण. शोरूममध्ये शटर उघडून खालच्या आणि बिजागरीकडच्या कडेवरून बोट फिरवा, लगेच कळतं.

नवा_ओटा

दोघांचेही खूप आभार. कारखानेवाले १४ फुटांचा हिशोब मान्य करताहेत. पण डबे बसवायला कडप्प्याची सगळी पार्टिशनं काढावी लागतील म्हणतात. आणि ट्रॉलीवाल्याने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, म्हणून स्टील ३०४ आहे म्हणाला. हे बरोबर का?

कडप्पा_आणि_चॅनल

कडप्पा काढू नका, ताई. ग्रॅनाइटचा भार त्याच्यावर आहे. काढताना हादरे बसले की ग्रॅनाइटचा जोड उघडतो, सिंकच्या कापाजवळ तडा जातो, आणि तो दुरुस्त होत नाही. शिवाय सिंकखाली पाणी झिरपलं तर कडप्प्याला काहीच होत नाही. तिथे कितीही भारी प्लायचा डबा ठेवला तरी कडप्प्याची बरोबरी नाही. बिल्डरने फुकट दिलेली ही चांगली गोष्ट आहे, तिच्यावर पैसे खर्चून ती तोडायची कशाला?

आता चुंबकाबद्दल. २०२ ग्रेडचं स्टीलसुद्धा चुंबकाला जवळपास चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीत ३०४ आणि २०२ वेगळे ओळखू येत नाहीत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. स्टीलच्या दुकानात तपासणीचं द्रावण मिळतं. थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की २०२ वर लाल रंग येतो. ट्रॉलीवाल्यासमोरच करा, आणि बिलावर "एसएस ३०४" लिहून घ्या. तारेची जाडीही मिलिमीटरमध्ये लिहायला सांगा, कारण बारीक तारेची ट्रॉली गंज, कोपर अशा भरलेल्या भांड्यांनी मधोमध झुकते.

खरी मेख चॅनलमध्ये आहे. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला साडेबारा मिमीच्या आसपास जागा लागते, म्हणून ट्रॉलीची रुंदी मोकळ्या जागेपेक्षा २५-२६ मिमी कमी असते. ही जागा पुढे-मागे सारखी हवी. कडप्पा हाताने बसवलेला, तो बरेचदा ओळंब्यात नसतो. पुढे ५०८ आणि मागे ५०२ मिमी निघाली की चॅनल घासतो, बॉल बेअरिंगची पट्टी वाकते आणि काही महिन्यांत ट्रॉली अडकायला लागते. लोक ट्रॉलीला दोष देतात, पण चूक मापाची असते. म्हणून प्रत्येक खणाची रुंदी पुढे, मागे, वर आणि खाली अशी चार ठिकाणी मोजायला लावा.

दुसरं असं की चॅनलचा पुढचा स्क्रू कडप्प्याच्या कडेपासून दीड इंचाच्या आतबाहेर येतो. तिथे ड्रिल करून गिट्टी (स्क्रूचा प्लग) ठोकली की कडप्प्याची कपची उडते. यावर उपाय म्हणजे पार्टिशनला दोन्हीकडून १२ मिमी मरीन प्लाय चिकटवून आणि मागच्या बाजूला स्क्रूने धरून घ्यायचा, आणि चॅनल त्या प्लायला लावायचे. पार्टिशनचा तिरपेपणाही प्लायमागे पातळ पट्ट्या घालून काढता येतो. खण २४ मिमी अरुंद होतो, तेवढं सोसायचं. हे काम फक्त ट्रॉलीच्या खणांना करा. सिंकच्या खणाला अजिबात नको, तिथे नुसती शटरं, तीही तळापासून १०० मिमी वर.

सिलिंडरच्या खणालाही नुसती शटरं. रेग्युलेटरसकट ७०० मिमी मोकळी उंची लागते, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जाळी शटरच्या खालच्या भागात हवी. वर जाळी ठेवून उपयोग नाही. गॅसची नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ट्रॉलीच्या मागून तर मुळीच नको.

बिजागरी_३५

कडप्पा ठेवायचा हे पटलं. मग त्याच कारखान्याकडे आता असं कोटेशन मागा: खालचे डबे वजा, १२ मिमी प्लायचं अस्तर, शटरं, ट्रॉल्या, आणि वरचे डबे पूर्ण. खालचे डबे गेल्यावर ६,५०० चा दर खाली यायलाच पाहिजे. ट्रॉलीवाल्याकडूनही वरच्या आलमाऱ्यांचा आकडा मागा, मग दोघांची बरोबरी होईल.

शोरूमला सरसकट नाकारू नका, एवढंच म्हणेन. जिथे ओटाच नाही, सगळं कोऱ्या भिंतीपासून करायचंय, तिथे कारखान्यात बनलेले मापाचे डबे आणि लेखी वॉरंटी यांचा खरा फायदा होतो. स्पेसवूडसारखी मोठी कंपनी नागपूरचीच आहे, त्यामुळे मशीनवर कापलेला माल मिळवायला पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही. पण तुमच्या ओट्याला तो पर्याय महागात पडेल.

वॉरंटीत बघायचं ते हे: बोर्ड, हार्डवेअर आणि बसवणी यांची मुदत वेगवेगळी असते. हेटिक, हाफेले, एब्को यांच्या बिजागऱ्यांची वॉरंटी कंपनी देते, पण बिजागरी बदलायला माणूस कोण पाठवणार? तो नागपुरातच राहतो का, आणि वर्षभरानंतर फेरीचे पैसे किती, हे बिलावर हवं.

लकडगंजचा_माल

बसवणीचं राहिलंच. नव्या फ्लॅटची भिंत कशाची आहे ते बिल्डरला विचारा. कोराडी-खापरखेड्याची राख हाताशी असल्याने आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा सर्रास वापरतात, आणि नव्या इमारतींत हलके एएसी ब्लॉकही असतात. एएसी ब्लॉकमध्ये साधी गिट्टी टिकत नाही, भरलेली आलमारी भिंत घेऊन खाली येते. तिथे लांब नायलॉन फास्टनर किंवा केमिकल अँकर लागतो. डब्याची पाठ आणि भिंत यांत १० मिमी फट ठेवा, पावसाळ्यात भिंत ओलसर झाली तरी पाठ भिजत नाही.

९०० मिमीपर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या, त्यावर १,६०० पर्यंत तीन. तुमच्या वरच्या ८ फुटांत २ फुटी चार डबे, आठ शटरं, म्हणजे १६ बिजागऱ्या. बसवून झाल्यावर मोजा.

माप टाइल्स लागल्यावरच द्या. पैसे ५०-४०-१० असे ठरवा: ऑर्डरला ५०, माल घरी उतरवून शीटचे शिक्के आणि बिजागऱ्यांचं नाव तपासल्यावर ४०. शेवटचे १० टक्के सगळ्या ट्रॉल्यांत भांडी भरून आठ दिवस वापरल्यावर. रिकामी ट्रॉली कोणतीही छान सरकते.

नवा_ओटा

आज चारही ठिकाणी मोजलं. मधला खण पुढे ५३० आणि मागे ५२१ मिमी निघाला. याला पट्ट्या घालून चालेल?

कडप्पा_आणि_चॅनल

चालेल. ९ मिमीचा फरक दोन्ही बाजूंना वाटून घ्या. पुढच्या टोकाला प्लायमागे साडेचार मिमीची पट्टी, मागे काही नाही, मध्ये निमुळती होत जाणारी. मग मोकळी जागा पुढे-मागे ५२१ वजा २४, म्हणजे ४९७ राहील. ट्रॉली ४७१ ची बनवायला सांगा. अस्तर लागल्यावर परत मोजून मगच ट्रॉलीची ऑर्डर द्या, आधी नको.