सामाईक बागा आणि मैदानं: भागीदारीतून उभारावीत की पालिकेनेच? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

जमाखर्च
रिकाम्या सार्वजनिक जागेवर रहिवाशांची सामाईक बाग किंवा खेळाचं मैदान करायचं, तर पालिकेने ते एकटीने अंगावर घेऊ नये. जमीन पालिकेची, उभारणीचा पैसा अनुदानाचा किंवा देणगीदाराचा, रोजची राखण वापरणाऱ्यांची अशी वाटणी असावी. सिएटल शहरात १९८८पासून जुळणी निधी चालतो. रहिवाशांनी रोख रक्कम, साहित्य आणि श्रमदान उभं करायचं, त्याला शहराच्या पैशाची जोड मिळते. श्रमदानाचे तास ठरलेल्या दराने हिशेबात धरतात, त्यामुळे ज्यांच्याकडे रोकड नाही त्यांनाही आपला वाटा दाखवता येतो.

माझी अट एकच. पहिली कुदळ पडण्याआधी देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात जमा झालेला हवा. कृत्रिम हिरवळ साधारण ८ ते १० वर्षांत बदलावी लागते. अंथरायला १०० लागले असतील तर दर वर्षी १० ते १३ बाजूला पडले पाहिजेत, जुनी उचलून नेण्याचा खर्च वेगळा. उद्घाटनाला देणगीदार मिळतो, नवव्या वर्षी तो शोधूनही सापडत नाही.

आडवाट
पूर्ण विरोध. अशा निधीचा अर्ज भरायला आराखडा, अंदाजपत्रक, तीन दरपत्रकं आणि पाठपुराव्याला दिवसा मोकळा माणूस लागतो. हे ज्या वस्तीत आहे तिथेच बाग होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या खर्चाचा मोठा भाग १९८०मध्ये स्थापन झालेली एक खाजगी संस्था उभा करते. त्याच शहरातल्या बाकीच्या उद्यानांना तसा श्रीमंत शेजार नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. त्याच न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली शंभराहून जास्त सामाईक बागा पालिकेने लिलावात काढल्या. दोन संस्थांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. ब्रिटनमधली वाट बघा: १९०८च्या कायद्याने, मागणी असेल तिथे भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे देणं ही स्थानिक परिषदेची जबाबदारी ठरली. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तरी परिषदेला ती विचारात घ्यावी लागते. आणि १९२५च्या कायद्यामुळे खास त्यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. तिथे माणसाला हक्क आहे. भागीदारीत पालिकेची आणि देणगीदाराची मर्जी सांभाळत बसावं लागतं.

झारी
तुम्ही दोघं पैसा आणि जमीन यांवर भांडताय, पण बागा बहुतेक वेळा पाण्यावाचून मरतात. कडक उन्हात एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी लागतं. ४०० चौरस मीटर वाफे म्हणजे रोज २००० लिटर. करारनाम्यात नळजोडणी कोणाच्या नावावर, मीटर कोणाचा आणि बिल कोण भरणार हे लिहिलेलं नसतं. मग उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर जोडणी तुटते.

तसंच मातीचं. पाडलेल्या इमारतीच्या जागेवर जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असू शकतं. परीक्षण जागा ताब्यात घेण्याआधी व्हायला हवं आणि त्याचा खर्च जमीनमालकाने, म्हणजे पालिकेनेच, उचलायला हवा. शिसं निघालं तर खाली जाड कापड अंथरून वर उंच वाफे करावे लागतात. १.२ मीटर रुंद, ३ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर उंच एका वाफ्याला एक घनमीटरहून थोडी जास्त माती लागते. अशा ४० वाफ्यांना ४३ घनमीटर. हे अंदाजपत्रकात नसलं की आणलेली माती निम्म्या वाफ्यांतच संपते, आणि कंपोस्ट कुजून पहिल्या वर्षी ती खचते ते वेगळंच.

आणि एक. बरीच अनुदानं ‘आधी खर्च करा, मग बिलं लावा’ अशी असतात. छोट्या गटाने माती, लाकूड, नळ यांचे पैसे सहा-सहा महिने कुठून आणायचे? पहिला हप्ता आगाऊ द्या, नाहीतर पुरवठादाराला पालिकेने थेट पैसे द्यावेत.

जमाखर्च
झारी, पाण्याचं आणि आगाऊ हप्त्याचं पूर्ण मान्य. आडवाट, जमिनीची भीती खरी आहे, पण तिला उत्तर भाडेपट्ट्यात आहे. दर वर्षी नूतनीकरण लागणाऱ्या पट्ट्यावर कोणी फळझाड लावत नाही, कारण त्याला फळ धरायलाच काही वर्षं जातात. मुदत किमान १० वर्षं, जागा परत घ्यायची तर उभं पीक निघेपर्यंतची सूचना, आणि तेवढीच पाण्याची सोय असलेली पर्यायी जागा, ही तीन कलमं घाला. वस्तीतल्या विषमतेवरही उपाय आहे. जिथे चालत जाण्याच्या अंतरात मोकळी जागा नाही त्या अर्जांना जास्त गुण द्या, आणि अर्ज लिहायला पालिकेचाच माणूस बसवा.

चौथरा
बागेपुरतं हे ठीक आहे. खेळाच्या साधनांची राखण मात्र स्वयंसेवकांवर टाकू नका, इथे मी आडवाट यांच्या बाजूने आहे. झोपाळ्याखाली लाकडाचा भुगा ३० सेंटीमीटर घातला तरी मुलांच्या पायांनी तो नेमका पडण्याच्या जागी बाजूला सरतो आणि खाली कडक जमीन उघडी पडते. तो दर आठवड्याला ओढून सारखा करावा लागतो. साखळीच्या कड्या वरच्या आकड्यापाशी झिजतात, ते खालून दिसत नाही. युरोपीय मानकांत तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत: वारंवार नजरेने, एक ते तीन महिन्यांनी हात लावून, आणि वर्षातून एकदा पाया, गंज, सांधे यांसकट संपूर्ण. पहिली पायरी रहिवासी करतील. पुढच्या दोन प्रशिक्षित माणसाच्या आहेत, आणि नोंदवहीत सही त्याचीच हवी. मूल पडलं तर जबाबदारी आणि विमा कोणाचा हे करारात नसेल, तर घाबरून पालिका मैदानाला कुलूप लावते.

आडवाट
चौथरा, हेच म्हणत होतो, फक्त तुम्ही ते नेमकं मांडलंत. जमाखर्च, तुमच्या तीन कलमांत चौथं जोडा: देणगीदाराच्या नावाच्या फलकाची मुदत देखभालीच्या पैशाएवढीच. पाच वर्षांचा पैसा दिला तर नाव पाच वर्षं. हे मान्य असेल तर बागांपुरता माझा विरोध मागे घेतो, पण भाडेपट्टा नोंदणीकृत असला पाहिजे, नुसत्या सामंजस्य करारावर नाही. मैदानं पालिकेच्या अंदाजपत्रकातूनच व्हावीत, यावर मी ठाम आहे.

जमाखर्च
फलकाचं कलम मान्य, नोंदणीचंही. मैदानाबाबत उभारणीला देणगी घेऊ, तपासणी आणि दुरुस्ती पालिकेच्या आवर्ती खर्चात टाकू. त्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात दिसेपर्यंत देणगी स्वीकारायची नाही, एवढं तरी चालेल का?