परदेशी ठरवणाऱ्या ट्रायब्युनलवर अपील हवं की रिट पुरे?

केतकी: आसामात एखाद्याला परदेशी ठरवायचा अधिकार फॉरेनर्स ट्रायब्युनलला आहे आणि त्याच्या निकालावर अपील नाही. राज्यघटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट, म्हणजे अधिकाऱ्याचा किंवा ट्रायब्युनलचा निर्णय कायद्याला धरून आहे का ते तपासा असा अर्ज, करता येतं. पण रिटमध्ये कोर्ट पुरावा नव्याने तपासत नाही. अधिकार ओलांडला का, बाजू मांडू दिली का, निष्कर्ष अगदीच बिनबुडाचा आहे का, एवढंच बघतं. कागद चुकीचा वाचला गेला असेल तर चूक बहुधा तशीच राहते. दोन गुंठ्यांच्या वादाला आपल्याकडे अपील मिळतं, नागरिकत्वाला नाही. शिवाय 1985 ते फेब्रुवारी 2019 या काळात 63,959 जण गैरहजेरीतच परदेशी ठरले. हा आकडा सरकारनेच लोकसभेत दिलाय.

माधव: नोटीस मिळूनही न आलेल्यांचा दोष ट्रायब्युनलच्या माथी कशाला? आसामातले बेकायदा स्थलांतरित ठरवण्यासाठीच्या 1983 च्या आयएमडीटी कायद्यात माणूस परदेशी आहे हे सिद्ध करायचा भार तक्रारदार आणि सरकारवर होता. वीसेक वर्षांत बाहेर काढले गेले जेमतेम दीड हजार. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. माणूस कुठे जन्मला, बाप कोण, हे त्यालाच ठाऊक. सरकारने ते कुठून आणायचं?

रेश्मा (वकील): आता भार त्या माणसावर आहे, मान्य. परदेशी नागरिकांबद्दलच्या 2025 च्या नव्या कायद्यातही तो तसाच आहे. पण आधी संशयाला काही आधार तर दाखवा! आसामातल्या नलबारीच्या एका माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये हेच सांगितलं: कुणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही, हाताशी काही सामग्री हवी आणि आरोपाचं कारण त्याला कळवायला हवं. आजारी असल्याने तो पहिल्या वेळी ट्रायब्युनलपुढे हजर राहू शकला नव्हता. मधे प्रकरण पुन्हा ट्रायब्युनलकडे गेलं, तर नावाचं स्पेलिंग आणि तारखा जुळत नाहीत म्हणून परत परदेशी! शेवटी 2024 च्या या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याला भारतीय ठरवलं.

माधव: म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन, रिटमधली ही तपासणी, चाललं की. मग अपील कशाला?

केतकी: चाललं, पण दिल्लीपर्यंत गेल्यावर. आणि निकाल आला तेव्हा तो माणूस हयात नव्हता. बायकांचं तर विचारूच नका. शाळा नाही, जन्मदाखला नाही, मतदार यादीत नाव पहिल्यांदा येतं ते सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावासकट. वडिलांशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीचा दाखला, तोही हायकोर्टाने अमान्य केला होता; डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने पडताळणीच्या अटीवर मान्य केला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलायचे. तुमच्या आजीच्या माहेरच्या नावाचा एक सरकारी कागद काढून दाखवा बरं.

शिरीष: दाद मागायच्या वाटा ब्रिटननेही कमीच केल्यात. तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2011 च्या कार्ट खटल्यात अप्पर ट्रायब्युनलने अपिलाची परवानगी नाकारली तरी पुनर्विलोकनाची वाट उघडली होती. बहुतेक स्थलांतराचीच प्रकरणं यायची, यश फारच थोड्यांना. 2022 च्या कायद्याने ती वाट जवळजवळ बंद केली. कोर्टाचा वेळही मोजावा लागतो.

रेश्मा: शिरीषराव, तिथे आधी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलमध्ये सुनावणी, मग अप्पर ट्रायब्युनलकडे दाद. दोन पायऱ्या चढून झाल्यावरची तिसरी त्यांनी काढली. आपल्याकडे दुसरीच नाही. त्यात सदस्य कंत्राटी आणि मुदतवाढ सरकारच्या हातात.

सुजित, ठाणे: आसामबाहेर तर ट्रायब्युनलही नाही. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात पकडलेले काही बंगाली मजूर थेट बांगलादेशच्या सीमेपलीकडे ढकलले गेले. पश्चिम बंगाल सरकारने कागद पाठवल्यावर परत आणले. ते भारतीयच होते.

माधव: ते चूकच झालं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण आसामी माणूस बेकायदा स्थलांतराविरुद्ध 1979 पासून आंदोलन करतोय, 1985 मध्ये केंद्राशी आसाम करार झाला, तरी प्रश्न तिथेच. अपील आलं की स्थगिती आली, तारखा आल्या. त्याने आणखी किती थांबायचं?

रेश्मा: मग मुदत घाला ना. साठ दिवसांत अपील, जिल्हा न्यायाधीशासमोर, सहा महिन्यांत निकाल आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील. खरा परदेशी त्यातही सापडेल. यात तुमची हरकत नेमकी कशाला, ते सांगा.