मुलाचा दमा आटोक्यात येत नाही म्हणून जनुक-चाचणी? माझं मत: नको

टिळकवाडीकर (धागा सुरू करणारा)

बेळगावातल्या पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरतेय: मुलाची लाळ डबीत भरून पाठवा, दम्याचं कुठलं औषध त्याला लागू पडेल ते आम्ही जनुकांवरून सांगू. मित्राने ती मला पाठवून विचारलं, "करून बघू काय?" मी नको म्हटलं. का ते लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल तुटून पडावं.

जनुकांचा फरक पडतो, हे मी नाकारत नाही. साल्ब्युटामॉल आणि त्याच जातीची पण बारा तास टिकणारी साल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल ही औषधं श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरवर (औषधाला धरून घेणारी खाच) बसून नळी सैल करतात. तो रिसेप्टर बनवणारं जनुक म्हणजे एडीआरबी२. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; ह्या माळेत सोळाव्या जागी कुणाला आर्जिनिन मिळतं, कुणाला ग्लायसिन. एक प्रत आईकडून, एक बापाकडून. २०१६ साली चार हजारांवर दमेकरी मुलांची माहिती एकत्र करून पाहिली. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपाच्या जोडीला ही बारा तासवाली औषधं घेणाऱ्या मुलांत आर्जिनिनच्या प्रत्येक प्रतीमागे दमा उसळण्याची शक्यता साधारण दीडपट निघाली. नुसतं स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा फरक दिसला नाही.

इथवर जाहिरातवाले खरं बोलतात. पुढचं गिळतात. ब्रिटनमध्ये १२ ते १८ वयाच्या २४१ मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला, २०२१ मध्ये छापून आला. काहींना जनुक बघून औषध, बाकीच्यांना नेहमीच्या पद्धतीने. वर्षभरानंतर दम्याचा जगण्यावर किती परिणाम होतो ह्याच्या गुणांकात फरक पडला ०.१६. मुलाला स्वतःला जाणवायला तो निदान ०.५ लागतो. दोन्ही प्रती आर्जिनिनच्या असलेल्यांत ०.४२, म्हणजे तिथेही काठावरच. ह्यासाठी पैसे घालायचे?

आपल्याकडचा घोळ जनुकापर्यंत पोचतच नाही. रोजचा स्टेरॉइडचा पंप 'सवय लागेल' म्हणून बंद, आणि धाप लागली की निळा, साल्ब्युटामॉलचा पंप. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात. ही तफावत लाळेच्या डबीतून निघणार नाही.

निपाणीची माहेरवाशीण

तुमचं लिखाण पुरुषासारखं आहे. वाईट वाटून घेऊ नका.

माझी दोन मुलं. एकच घर, एकच खोली, एकच औषध. थोरल्याचा दमा महिन्याभरात आवरला, आता फुटबॉल खेळतो. धाकटीला तेच औषध, आणि दर पावसाळ्यात वाफेच्या मशीनवर. मागच्या खेपेला एका दवाखान्यात सासूबाईंच्या समोर मला ऐकवलं, "पंप नीट देत नसाल, म्हणून." घरी आल्यावर तेच वाक्य रोज भाजीबरोबर वाढलं जायचं.

माहेरी आमच्या गल्लीत तंबाखूची वखार आहे. सुट्टीत दोघंही तिथेच असतात, दोघांनाही तोच जर्दा नाकात जातो. मग एकालाच का? मला कागद हवाय. "ह्या पोरीला हे औषध चालत नाही" असं छापलेला. ०.१६ का ०.४२ ते तुम्ही बघा.

जांबोटी रोड

ताई, राग मानू नका, खरं एका घरातली दोन पोरं सारखी वाढतात काय? आमच्यात थोरला दिवसभर अंगणात, धाकटा सकाळी बंबापाशी शेकत बसतोय. खानापूरकडला पाऊस तुम्हाला ठाऊक हाय. लाकडं ओली, मग बंब पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी कोंबायची. घरभर धूर. कौलाखाली ओल, भिंतीला बुरशी, अंथरूण कुबट. ह्यात जनुक शोधायचं म्हणजे कमालच की.

आणि पंपावर आकडा हाय काय बघा. माझ्या पुतण्याचा पंप कितीतरी दिवस नुसता वारा मारत होता. औषध संपलं तरी फुस्स आवाज येतोय, वहिनी आपली इमानानं देतेय.

निपाणीची माहेरवाशीण

आकड्याचा पंप आहे. हलवते, स्पेसरला (फवारा साठवणाऱ्या नळकांड्याला) लावते, एक फवारा, पाच श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. शेवटी चूळ. बंब काढून गीझर बसवला. अजून काय करू, सांगा.

मुलांचा डॉक्टर, कोल्हापूर

निपाणी-संकेश्वरकडची बरीच मुलं माझ्याकडे येतात, म्हणून बोलतो. ताईंनी सांगितलेली रीत बरोबर आहे. अशा आईला 'पंप नीट देत नाही' म्हणणं हा आमच्या धंद्यातला आळस आहे.

औषध देखरेखीखाली दिलं तरी सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. २०११ मध्ये जीएलसीसीआय१ ह्या जनुकावर संशोधन आलं. स्टेरॉइडच्या पंपाने एका प्रकारच्या रुग्णांत फुंकर मारण्याची ताकद ९.४ टक्क्यांनी सुधारली, दुसऱ्या टोकाला फक्त ३.२. पुढच्या काही अभ्यासांत तो निकाल टिकला नाही, हेही सांगतो.

'जनुक की धूर' हे भांडण मात्र मला पटत नाही. १७व्या गुणसूत्रावरचा १७क्यू२१ हा पट्टा बालदम्याशी जोडला गेला २००७ मध्ये. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या कुटुंबांत दिसलं की तान्हेपणी घरात सिगारेटचा धूर असला तर ह्या पट्ट्याचा धोका आणखी वाढतो. नंतर युरोपातल्या शेतकरी घरांत उलटंच आढळलं: त्याच धोक्याच्या प्रतीची मुलं लहानपणी गोठ्यात वावरली असतील तर त्यांची छातीतली घरघर कमी. म्हणजे बंबापाशी शेकणाऱ्या दोन पोरांपैकी एकालाच धूर बाधतो, ह्यात जांबोटीकरही बरोबर आणि ताईही.

चाचणी करा असं मी तरीही म्हणत नाही. अहवालात दोन्ही प्रती आर्जिनिनच्या निघाल्या तर मी काय करेन? बारा तासवालं औषध काढून दुसरा मार्ग बघेन. तेच मी अहवालाशिवायही करतो, दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर. स्कॉटलंडमध्ये दोन्ही प्रती आर्जिनिनच्या असलेल्या ६२ मुलांवर प्रयोग झाला, काहींना साल्मेटेरॉलऐवजी मॉन्टेलुकास्टची गोळी दिली होती, २०१३ मध्ये निकाल आला, गोळीवाल्यांच्या शाळेच्या दांड्या कमी झाल्या. पण गोळीलाही दुसरी बाजू आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. काही मुलांना भयानक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, क्वचित त्याहून वाईट विचार येतात. म्हणून कुठलंही औषध घरच्या घरी बंद किंवा सुरू करू नका.

आणि एकदा पहिल्यापासून तपासून घ्या. दमा म्हणून वर्षभर पंप चाललेल्या पोराच्या श्वासनलिकेत शेंगदाणा सापडलेला मी बघितलाय.

डीएनएवाला (मूळ अथणी, सध्या बंगळूर)

डॉक्टरसाहेब, "करून बघू, नाही जमलं तर बदलू" हे ऐकायला बरं वाटतं. त्या दोन-तीन महिन्यांत मूल रात्री उठून बसतं, त्याचा हिशेब कोण देणार? ज्या गोष्टीचा अंदाज आधी येऊ शकतो ती मुलावर आजमावून का बघायची?

टिळकवाडीकर, तुमचा ०.१६ हा सरासरीचा आकडा. ज्याला भरपूर फायदा झाला तो सरासरीत बुडतो. शिवाय २०१६ चा तो अभ्यास युरोपीय आणि लॅटिन वंशाच्या मुलांचा. आपली मुलं त्यात नाहीत. चाचणी नको, नको म्हणत बसलो तर आपल्या मुलांची माहिती कधी जमणारच नाही.

टिळकवाडीकर

हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा! तिकडच्या मुलांवरून काढलेला आडाखा संकेश्वरच्या पोरीला विकायचा आणि वर "आपली माहिती नाही" म्हणायचं. माहिती जमवायची तर रीतसर संशोधन करा, पालकांची संमती घ्या, मुलाची तपासणी फुकट करा. दुकानदाराला पैसे देऊन लाळ पाठवण्याला संशोधन म्हणत नाहीत. ती लाळ पुढे कुठे जाते, ते जाहिरातीत कुठे लिहिलंय?

अनुभवी माणूस

एवढा खल कशाला. मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घ्या. आमच्या गल्लीतून दरवर्षी गाडी जाते.

टिळकवाडीकर

धाप लागलेल्या पोराच्या घशात जिवंत मासा? पुढे.

डीएनएवाला (मूळ अथणी, सध्या बंगळूर)

दुकानदाराबद्दल मान्य. पण "चाचणी नको" आणि "ही चाचणी, ह्या दुकानातून नको" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाग्याचं नाव बघा.

टिळकवाडीकर

नाव तेच राहणार. दम्याच्या कुठल्याही मान्य मार्गदर्शक सूचनांत मुलाचं जनुक बघून औषध ठरवा असं आजही लिहिलेलं नाही. लिहितील त्या दिवशी वेगळा धागा काढू.

निपाणीची माहेरवाशीण

सगळं दोनदा वाचलं. धाकटीच्या पंपात स्टेरॉइडबरोबर फॉर्मोटेरॉल आहे, आत्ता खोक्यावर बघितलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारणार, की हे काढून दुसरं देऊन बघता का. नाही म्हणाले तर दुसरा डॉक्टर.

खरं चाचणी करणाऱ्यांना वेड्यात काढू नका. औषध बदलून बघायला आधीच कुणी तयार असतं तर मी त्या जाहिरातीवर बोट ठेवलंच नसतं. मित्राला "नको" सांगणं सोपं आहे, त्याच्या बायकोला काय काय ऐकावं लागतं तेही एकदा विचारा.

मुलांचा डॉक्टर, कोल्हापूर

नक्की विचारा. जाताना पंप, स्पेसर दोन्ही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर देऊन दाखवा, म्हणजे तो विषय तिथेच मिटतो. प्लॅस्टिकचा स्पेसर टॉवेलने पुसत असाल तर थांबवा. पुसल्यावर आतून विजेचा भार तयार होतो आणि निम्मं औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या पाण्यातून काढायचा आणि आपोआप वाळू द्यायचा.

जांबोटी रोड

वाळू द्यायचा म्हणे! डॉक्टर, आमच्यात जुलैत बनियन चार दिवस वाळत नाही.

मुलांचा डॉक्टर, कोल्हापूर

दोन स्पेसर ठेवा, एक वापरात, एक पंख्याखाली. आणि चुलीवर टांगू नका. तसाही एक आला होता माझ्याकडे, पार काळा.