हात प्लास्टरमध्ये अन् वरून मे महिना

धंतोलीकर: आईचं उजवं मनगट मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर. 45 अंशांत आत खाज सुटते. आंघोळ, स्वयंपाक सगळंच अडलंय. काय करता येईल जी?

महालवाला: फूटपट्टी, सुई आत घालू देऊ नका. कातडी सोलली तर जखम झाकलेलीच राहते अन् चिघळते. हेअर ड्रायरची थंड हवा वरच्या तोंडातून सोडा, गरम नको. आंघोळीला दोन पिशव्या एकावर एक, तोंड दंडावर टेपनं बंद. तरी हात बादलीबाहेरच. आतला कापूस भिजला की लवकर वाळत नाही. कूलरचे तुषारही नकोत.

बर्डीवाली ताई: समोरून बटणांचा सैल गाऊन घ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पोळ्या विसरा, धिरडी घाला. आलू चिरायला पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोका, आलू त्यावर खोचा. पाटाखाली ओलं फडकं, नाहीतर सरकतो.

महालवाला: अंगठी, बांगड्या काढल्या ना? बोटं तासातासाला हलवा, झोपताना हात उशांवर, छातीपेक्षा उंच. बोटं निळी किंवा बधिर झाली, ठणका वाढतच गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

धंतोलीकर: अंगठी राहिलीय! साबण लावून बघतो.

महालवाला: निघाली नाही तर ओढू नका, दवाखान्यात कापून देतात.